बादलीतला कान

बाळांनो, डोळे मिटा. समजा, तुम्ही बादलीत बुडवलेला एक कान आहात! वरून नळ सुटला तर काय ऐकू येईल? धो धो! माझ्या यंत्राला तेवढंच ओळखायचं होतं.

आमच्या गल्लीत पाणी चार दिवसांनी येतं. कधी, ते नळालाही माहीत नसतं! माझ्या घरची टाकी आपोआप भरते; शेजारच्या नागव्वांकडे मात्र एकच पिंप, म्हणून त्या अंगणातल्या नळाशी दिवसभर पहारा देतात. अक्कलकोटच्या बहिणीला भेटून त्यांना वर्ष झालं होतं. म्हणून त्यांची सहावीतली नात अक्षता आणि मी कामाला लागलो. नळाखाली पाण्याची बादली, बादलीत फुग्यात बांधलेला माईक आणि त्याला बिस्किटाच्या पुड्याएवढा स्वस्त संगणक! महिनाभर पाणी आलं की आम्ही तो आवाज त्याला ऐकवला. आवाज ओळखला की घंटा वाजवायची, एवढाच त्याचा अभ्यास.

"नागव्वा, निघा बिनधास्त!" मी छाती फुगवून म्हणालो. "चाळीस वर्षं पोरं शिकवली. हा तर नुसता डबा!"

"पाणी हुकलं तर चार दिवस कोरडे की, मास्तर!"

"हुकतंय कसलं!"

त्या सकाळच्या एसटीनं गेल्या.

दहा वाजता मी बादलीवर वाकून अक्षताला समजावू लागलो, "हे बघ, ध्वनी म्हणजे..." घणघणघण! अख्खी गल्ली घागरी घेऊन धावली. नळ ठणठणीत कोरडा!

अकरा वाजता पुन्हा वाकलो. "पाण्यात आवाज हवेपेक्षा जोरात पळतो..." घणघणघण! पुन्हा फौज हजर!

"लई चेष्टा करताय व्हय, मास्तर?" गल्लीतल्या सोमशेखरनं बादली आपटली.

मी गुपचूप घरी जाऊन आडवा झालो. अक्षता मात्र तिच्या घरात घंटेकडे कान लावून बसली. तीन वाजता तिची किंकाळी आली, "आजोबा! पाणी गटारात चाललंय!" घंटा ढिम्म! मी धावत पोचलो तेव्हा नळानं शेवटची उचकी दिली.

संध्याकाळी नागव्वा आल्या. रिकामं पिंप बघून मटकन खाली बसल्या. अक्षतानं संगणकाला शिकवलेले आवाज लावले. पहिल्यात मी, "हे बघ, ध्वनी म्हणजे..." दुसऱ्यात मी. आठव्यातही मीच! पाणी बिचारं मागं कुठंतरी कुजबुजत होतं.

"अय्यो!" नागव्वा म्हणाल्या. "ह्यात नळ कुटं हाय? मास्तरच वाहतायत की!"

मी कारण समजावायला तोंड उघडलं. तेवढ्यात अक्षतानं दोन रिकाम्या घागरी माझ्या हातात दिल्या आणि माझे खांदे धरून मला माझ्या घरच्या भरलेल्या टाकीकडे वळवलं.