गटारात लिंबू सोडणारे गांगुर्डेकाका

आमचे गांगुर्डेकाका गटारात लिंबं सोडतात. पावसाळा लागला की रोज सकाळी कोपऱ्यावरच्या उघड्या गटारात एक लिंबू टाकायचं आणि छत्री काखेत मारून त्याच्या मागे निघायचं. पंचवटीत सकाळी सकाळी कुणी लिंबू टाकताना दिसलं तर लोक काय समजणार? समोरच्या नव्या भाडेकरूंनी तर दारात काळी बाहुली टांगली. काकांनी तिच्याकडे बघून मान डोलावली. "बांधा, बांधा. पण मोरीच्या जाळीवर वीट बी ठेवा," म्हणाले.

काका मूळचे सिन्नरकडचे. अंबडच्या कारखान्यात पाइपांची गळती शोधायचे. नोकरी संपली, शोधायची खोड काही संपली नाही. काकू जाऊन चार वर्षं झाली. ते पहिल्या मजल्यावर एकटे, मी आणि आई त्यांच्या अगदी खाली, तळमजल्यावर.

ते मला पूर समजावून सांगतात आणि मला थोडंफार कळत असतं तेही जातं.

"धरणातून सोडलेलं पाणी येगळं, गावात पडलेलं येगळं, नाल्याचं येगळं."

"मग आपल्याकडे येणार कुठलं?"

"तिन्ही!"

"कधी?"

"ते लिंबाला ठाऊक. नदी फुगली की नाल्याला जागा देत नाय. मग ते पाणी माघारी फिरतं आणि मोरीतून वर येतं."

मी आपला होय होय म्हणायचो. म्हातारा माणूस, बोलू द्यावं.

गेल्या पावसाळ्यात मोबाइलवर नुसता कल्लोळ. आम्ही नाशिककर नदीतल्या दुतोंड्या मारुतीवर पूर मोजतो. कुणी लिहिलं पाणी त्याच्या कमरेला, कुणी म्हणे छातीला. एकाच्या फोटोत तर मारुतीच दिसेना, मग कळलं फोटो जुना. इशारा पिवळा की लाल, यावर वेगळं भांडण. माझं डोकं पार भंजाळलं. म्हटलं, स्वतःच बघून यावं. अहो, पूर आला की बघायला जायचंच, ही आमची रीत! आईचा गुडघा नुकताच बदललेला. तिला दार उघडायला उठायला नको म्हणून बाहेरून कुलूप लावलं आणि गेलो.

पाणी छातीला होतं. एकदाचं समाधान झालं. परत आलो तर घराचं कुलूप तुटलेलं, आत गुडघाभर पाणी. नदीकडच्या बाजूनं थेंब नाही, सगळं मोरीतून आलेलं. कॉट रिकामी. आईचा वॉकर पाण्यात आडवा. "आई!" म्हणून मी बोंबच ठोकली.

"ओरडू नको, वर आहे मी!" वरून आवाज आला.

आई काकांच्या कॉटवर, अंगावर रजई. काका नखशिखान्त भिजलेले.

"लिंबू माघारी आलं," ते म्हणाले. "तसाच पळालो. समोरच्या दोघांना हाक मारली, कुलूप फोडलं, वहिनींना खुर्चीसकट उचललं."

मी हात जोडले. मला रडूच फुटलं. वाटलं, आता चांगले झापतील.

"मी बी गेलो होतो रे एके वर्षी," काका म्हणाले. "तवा आम्ही तुझ्याच घरात राहायचो. ही तापानं फणफणलेली आणि मी मारुती बघत उभा. आलो तर ही कॉटवर उभी, भिंत धरून, पाणी पार गादीला लागलेलं. पुढं लय वर्षं जगली, पण त्यावर एक शब्द बोलली नाय. बोलली असती तर बरं झालं असतं."

मी डोळे पुसून म्हणालो, "आईला सिडकोत मामाकडे नेतो."

काका दार अडवून उभे राहिले. "नको. रस्त्यात पाणी असंल." मग स्वतःच म्हणाले, "तिकडं पाणी नाय, मला ठाऊक हाय. तरी राहू दे. घरात कुणी बोललं की बरं वाटतं."

"मी कुठं जातेय?" आई कॉटवरून गरजली. "आणि भावजी, तुम्ही आधी ते ओले कपडे बदला बघू! ताप आला म्हणजे?"

काकांनी दोरीवरचा टॉवेल ओढला आणि मुकाट्यानं आत गेले.