तक्रारीचे ठिकाण : उजवा कान

आवाज-तपासणी विभागात आम्ही सहा जण. नागरिकांनी गोंगाटाची तक्रार करायची, मी यंत्र घेऊन जायचं, आकडा लिहायचा, साहेबांनी नोटीस काढायची. बावीस वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. मग साथ आली, टाळेबंदी लागली, शहर चिडीचूप झालं आणि माझ्या उजव्या कानात एरवी अधूनमधून जाणवणारी बारीक शिट्टी दिवसभर किंचाळायला लागली. डॉक्टर तिला कर्णनाद म्हणतात. माझी बायको 'तुमचं ते' म्हणते.

कानाच्या दवाखान्यात फोन लावला.

"दम लागतो?" पलीकडच्या बाईंनी विचारलं.

"नाही."

"ताप? वास येतो?"

"वास येतो. झोप येत नाही."

"मग तुम्ही ठणठणीत आहात. कान अत्यावश्यक सेवेत बसत नाही हो."

त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. कान वाजून कुणी मेल्याचं दाखवा, असं त्या म्हणाल्या असत्या तर मी काय दाखवणार होतो? तरी त्यांना दया आली आणि त्यांनी महिन्यानंतरची तारीख दिली. त्या तारखेवर मी एकेक दिवस काढू लागलो.

इकडे वरून परिपत्रक आलं. ज्या विभागाकडे सलग एकवीस दिवस एकही तक्रार नाही, तो अनावश्यक समजून बंद करण्यात यावा. आमचा एकोणिसावा दिवस चालू होता. शहर शांत करणं हे विभागाचं ध्येय. ते साध्य झाल्यामुळे विभागावर गदा आली होती.

साहेबांनी मास्क हनुवटीवर ओढला. "तुमच्या कानात काहीतरी वाजतं ना?"

"वाजतं, साहेब. जीव नकोसा होतो."

"अहो, मग नागरिक म्हणून तक्रार करा की! लाजता कसले?"

केली. तक्रारीचे ठिकाण : उजवा कान. नियमानुसार जागेची पाहणी आवश्यक, आणि तपासनीस मीच. यंत्र कानाला लावलं. आकडा हलेना. मी शेरा लिहिला : 'आवाज तपासनीसास स्पष्ट ऐकू येतो, यंत्रास येत नाही. सबब यंत्र दुरुस्तीस पाठवावे.' त्यानंतर जागेच्या मालकाला, म्हणजे मला, सात दिवसांत आवाज बंद करण्याची नोटीस निघाली. ती मीच बजावली आणि मीच सही करून घेतली. विभाग वाचला. साहेबांनी मला लांबूनच शाबासकी दिली.

डॉक्टरांची तारीख जवळ आली तसा साहेबांचा चेहरा उतरला.

"बरे झालात तर?"

"तर बरंच होईल, साहेब."

"तक्रार निकाली निघेल! सहा घरं तुमच्या कानावर उभी आहेत, कळतंय का?"

शिपाई तर हात जोडून म्हणाला, "दादा, अजून थोडे दिवस वाजू द्या ना."

घरी सांगितलं तर बायको भडकली. "एवढा पुळका आहे, तर त्यांनी आपले कान वाजवून घ्यावेत. तुम्ही जायचं म्हणजे जायचं!"

गेलो. दवाखान्याच्या दारात बाईंनी कागद पुढे केला. साहेबांचं पत्र होतं : 'सदर जागेची चौकशी चालू असल्याने अंतिम निर्णय होईपर्यंत तीत कोणताही फेरफार करू नये.'

"सरकारी पत्र आहे," बाई म्हणाल्या, "आम्हाला हात लावता येत नाही." माझी वेळ त्यांनी दुसऱ्याला देऊनही टाकली होती.

पाच महिन्यांनी टाळेबंदी उठली. रस्ते भरले, तक्रारींचा खच पडला. साहेबांनी माझ्या फायलीवर शेरा मारला : 'इतर गोंगाटात सदर आवाज ऐकू येत नसल्याने तक्रार निकाली.' दवाखान्यात आता रखडलेल्यांची रांग आहे. मला दोन वर्षांनंतरची तारीख मिळाली आहे.

परवा सिग्नलला तुम्ही दिसलात. टाळेबंदीत गच्चीवरून पाखरांची किलबिल रेकॉर्ड करून 'ही शांतता आता जपू या' असं सगळ्यांना पाठवणारे तुम्हीच ना? दिवा लाल होता, पुढे मुंगी शिरायला जागा नव्हती आणि तुमचा अंगठा हॉर्नवरून हलत नव्हता. मी यंत्र घेऊन काचेपाशी आलो, तसे तुम्ही दचकलात. उगाच घाबरलात. मी आकडा लिहिलाच नाही. डोळे मिटून नुसता उभा राहिलो. किती बरं वाटलं म्हणून सांगू! मग दिवा हिरवा झाला, तुम्ही निघून गेलात, कानातली शिट्टी परत ऐकू यायला लागली आणि मला भररस्त्यात रडू फुटलं.

उद्या जरा लवकर याल?