गजभिये साहेबांची शिवराई

गजभिये साहेबांनी आमच्या घरी पहिल्यांदा पुरणपोळी खाल्ली, तेव्हा ती काठाने धरली. दोन्ही हातांच्या चिमटीत, उजेडाकडे करून. मला वाटलं, पोळीत केस निघाला. मी धसकून पुढे झाले, तर आमचे हे म्हणाले, "अगं, सवय आहे त्यांना." साहेबांनी पोळी उलटून दुसरी बाजूही नीट पाहिली, समाधानाने मान हलवली आणि मग तुकडा मोडला.

हा माणूस सगळंच काठाने धरायचा. लग्नातले फोटो, विजेचं बिल, पापड, चहाबरोबरचं बिस्किटसुद्धा. कारण रोज संध्याकाळी त्यांच्या हातात असायची ती नाणी. जगभरातली, जुनी, झिजलेली, काही तर नुसत्या काळ्या चकत्या वाटाव्यात अशी. दाखवायला द्यायचे भरभरून, पण देताना एकच पालुपद: "काठाने धरा." दिवाळीच्या फराळाला आलेल्या कर्नलसाहेबांनाही त्यांनी हे सुनावलं होतं, आणि कर्नलसाहेबांनी मुकाट्याने काठाने धरलं होतं.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट, लखनौच्या विकास नगरातली. आमचे हे चिनहटच्या एका कारखान्यात आणि गजभिये साहेब टेलिफोन खात्यात. गल्लीत मराठी घरं दोनच, समोरासमोर. त्यांच्या मिसेस नागपूरला शाळेत शिक्षिका. बदली ना त्यांची इकडे होई, ना साहेबांची तिकडे. त्यामुळे साहेब एकटेच, आणि घरात माणसांपेक्षा देश जास्त. सकाळी दूध घेताना भेटले की म्हणायचे, "काल मी पोर्तुगालला होतो, वहिनी. दोन वाजले झोपायला." खरं म्हणजे ते आयुष्यात नेपाळच्याही पुढे गेले नव्हते.

पण नाणी जमवायची जिद्द म्हणजे काय! छावणीतला कोणी फौजी परदेशातली ड्युटी करून आला, की साहेब सायकल काढून त्याच्या दारात हजर. धोब्याचा भाऊ मस्कतला, त्याला साहेब स्वतः पत्र लिहायचे. इमामबाड्यात गोरी माणसं दिसली, की आधी दोन्ही हात जोडायचे, मग इंग्रजीत मुद्द्यावर यायचे. गल्लीतले लोक मागून त्यांना चिल्लरवाले साहब म्हणत. त्यांना ते माहीत होतं. वाईट वाटत असणार, पण बोलून दाखवायचे नाहीत.

त्या काळी टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. एकदा एक व्यापारी ओळख काढून आला. साहेबांचं वेड कुठून तरी त्याच्या कानावर गेलं असावं. रुमालात बांधून त्याने डच कंपनीचं जुनं नाणं आणलं. साहेब म्हणाले, नंबर येईल तेव्हा फोन येईल, नाणं घरी न्या. तो बिचारा ओशाळून उठला. दारापर्यंत गेला तोवर साहेबांचा धीर सुटला. "भाईसाहब, एक मिनिट." नाणं काठाने धरून त्यांनी पाच मिनिटं भिंग लावून पाहिलं, वर्ष सांगितलं, कुठल्या टांकसाळीत पाडलं ते सांगितलं, आणि जसंच्या तसं त्याच्या रुमालात परत बांधून दिलं. मग दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं त्यांचं.

मी एकदा विचारलं, इतकं काय हो ते काठाने? तर म्हणाले, "वहिनी, ह्याला जेवढे हात लागायचे तेवढे लागून झाले. आता हे रिटायर झालंय. आराम करू द्या." सरकारी नोकरीतला माणूस, नाण्यांची सर्व्हिस बुकं ठेवतो की काय, असं वाटायचं मला.

आणि मग एका रविवारी ते चौक बाजारातून थेट आमच्याकडे आले. घामाने निथळत, चप्पल दारात उलटी पडलेली. तिथे एक भंगारवाला जुनं तांबं किलोवर विकायचा. त्याच्या ढिगात साहेबांना एक जाड, काळपट, वेडीवाकडी चकती मिळाली होती. त्यांनी ती आमच्या टेबलावर माझ्या धुतलेल्या टॉवेलवर ठेवली. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसरीकडे 'छत्रपति'. अक्षरं अर्धी झिजलेली, पण वाचता येत होती. शिवराई! आमचे हे हळवे नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला.

"पण ही लखनौला कशी आली?" मी म्हटलं.

"आपण कसे आलो? बदलीवर आली असन," साहेब म्हणाले.

त्या दिवशी मी शिरा केला. तिघांनी खाल्ला, शिवराईला मध्ये ठेवून. गल्लीत दुसरं कोणाला सांगून कळणार होतं?

त्या वर्षी शहरातल्या नाणी जमवणाऱ्यांनी कैसरबागेत प्रदर्शन ठरवलं आणि साहेबांना चक्क एक पूर्ण टेबल मिळालं, नावाच्या पाटीसकट. अठरा वर्षांची मेहनत पहिल्यांदा चारचौघांत मांडायची होती. मधोमध शिवराई ठेवायची, हे त्यांनी केव्हाच ठरवलं होतं. रोज येऊन टेबलाचा नकाशा दाखवायचे. "चिल्लर म्हणतात ना, येऊन पाहू द्या," असं एकदाच म्हणाले, तेही चहाच्या कपात बघून.

दसऱ्याला ते दरवर्षी नागपूरला जात, दीक्षाभूमीवर. घर बंद, चोऱ्यांचे दिवस. म्हणून प्रदर्शनाची पेटी माझ्याकडे ठेवून गेले. सांभाळा म्हणाले, उघडलीत तर काठाने धरा म्हणाले. धुवू नका, असं ते कधीही म्हणाले नव्हते. हे मी माझ्या बाजूने आधीच सांगते.

आता दसरा म्हटला, की माझ्या घरात तांब्या-पितळेचं एक भांडं काळं राहत नाही. आईचा धाकच तसा होता. चिंच भिजत घातली, मीठ घेतलं, आणि घंगाळ, तांबे, समया अशा घासल्या की शेजारच्या मिश्राभाभी नुसत्या बघत राहिल्या. चिंच उरली वाटीभर. आणि माझ्या डोक्यात आलं, की आपल्या साहेबांची नाणी बिचारी किती काळी! रिटायर झालेल्या माणसालाही अंघोळ नको का?

तांब्याची सात नाणी होती. सातही घासली. नवाबी काळातलं, माशांचं चित्र असलेलं नाणं घासलं, आणि शिवराई तर जीव लावून, दोनदा. कशी झाली म्हणून सांगू, नव्या नवरीसारखी गुलाबी. चांदीची वाचली, कारण चांदी मी टूथपेस्टने करते आणि ती संपत आली होती. आणि हो, घासताना सगळी काठाने धरली होती.

साहेब परतले ते संत्रा बर्फी घेऊन. मी चहाच्या ट्रेमध्येच पेटी उघडी करून आणली आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिले. त्यांनी चष्मा लावला. शिवराई उचलली, एक बाजू पाहिली, दुसरी पाहिली, परत ठेवली.  मग म्हणाले, "मेहनत घेतली तुम्ही, वहिनी." चहा अर्धा टाकून पेटी घेऊन गेले.

ह्यांनी कपाळाला हात लावला. नाण्यावरचा काळा थर म्हणजेच त्याचं वय, तो एकदा गेला की जाणकार त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, हे मला तेव्हा कळलं. रात्रभर मी टक्क जागी. मेल्याहून मेल्यासारखं झालं. अठरा वर्षांची मेहनत मी वाटीभर चिंचेत घालवली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. ते टेबलाशी बसले होते, समोर शिवराई. मी म्हटलं, साहेब, काय वाट्टेल ते बोला, पण बोला.

"बोलायचं काय जी त्याच्यात," ते म्हणाले. मग शिवराईकडे बघत हळूहळू सांगत गेले. "आमच्या गावात एकच दुकान होतं वाण्याचं. आमच्या बाबांनी पैसा बाहेरच्या दगडावर ठेवायचा. वाणी त्याच्यावर आधी पाणी टाके, मग उचले. मी बाबांचा हात धरून उभा. धुतला की पैसा असा चमके! मला वाटे, गावात आपलेच पैसे सगळ्यात स्वच्छ. कितीतरी दिवस मी त्याच खुशीत होतो."

मी खुर्चीचा काठ घट्ट धरला.

"मग समजलं. तेव्हापासून मले न धुतलेलं नाणं आवडते, वहिनी. राजाचा हात, न्हाव्याचा हात, वाण्याचा, माझ्या बापाचा. सगळे एकात एक बसलेले. कोणी म्हटलं वेगळा काढतो, तर काढता येत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही मायेनं केलं. ते मले समजते. रडू नका."

माझ्या आजोबांचं कराडकडे किराण्याचं दुकान होतं. तिथे दगड होता का, हे मी जन्मात कोणाला विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी घरी येऊन चिंचेची बरणी मी माळ्यावर टाकली. काही उपयोग नव्हता त्याचा, पण टाकली.

त्यानंतर महिनाभर गजभिये साहेबांनी गल्लीला पुरतं चक्रावून सोडलं. शिवराई शर्टाच्या खिशात, मोकळी. दूधवाला आला की "भैया, ज़रा पकड़िए तो." सब्जीवाला, पोस्टमन, त्यांच्या खात्यातले लाइनमन, नाली साफ करायला येणारा रामदीन, मिश्राभाभीच्या सासूबाई, सगळ्यांच्या हातात ती जायची. काठाने धरा नाही, काही नाही. मिश्राभाभी मला हळूच म्हणाल्या, साहब का दिमाग चल गया है. मी साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "हिला पुन्हा ड्युटीवर घेतलंय."

प्रदर्शनाला साहेब कोट घालून उभे होते. ताठ, हात मागे, छाती पुढे. मी त्यांना इतकं उंच कधी पाहिलं नव्हतं. टेबलावर काचेखाली सगळे देश ओळीने, चिकटवलेल्या चिठ्ठ्यांसकट. आणि काचेच्या बाहेर, स्टीलच्या साध्या बशीत शिवराई. आता गुलाबी नव्हती, पिकल्या चिकूसारखी तपकिरी व्हायला लागली होती. बाजूला साहेबांच्या अक्षरात हिंदी पुठ्ठा: 'कृपया हाथ लगाइए'. आयोजक दोनदा येऊन तो काढायला सांगून गेले. साहेबांनी दोनदा नम्रपणे नाही म्हटलं. इतर टेबलांवर लोक बघून पुढे जात होते, इथे रांग लागली होती.

आम्हीही रांगेत उभे राहिलो. माझा नंबर आला.  मी शिवराई उचलली, अगदी दोन बोटांनी, काठाने.

"काठाने नको, वहिनी," साहेब म्हणाले. "मुठीत धरा."

मी मूठ मिटली. शिवराई गरम होती. माझ्या आधी रांगेत कोण होतं, ते मी पाहिलंच नव्हतं.