हरीण-वहन उपसमिती

जानेवारीतल्या वार्षिक सभेला शिकार मंडळाच्या केबिनमध्ये अकरा सदस्य हजर होते. गुडघे बावीस. त्यांपैकी मूळचे आणि न कुरकुरणारे नऊ, धातूचे चार. उरलेल्या नवांबद्दल मालक आणि डॉक्टर यांच्यात मतभेद होते. कंबरा अकरा, पैकी वाकणाऱ्या तीन. हृदयं अकरा, पैकी एकात, म्हणजे क्लेअर ब्रेस्लरच्या हृदयात, गेल्या ऑक्टोबरात दोन स्टेंट बसले होते. आणि भिंतीवर शर्टांच्या शेपट्यांचे सदतीस तुकडे खिळ्यांनी ठोकलेले होते.

हे तुकडे म्हणजे मंडळाचं दप्तर. नेम हुकला की त्याच संध्याकाळी त्या माणसाच्या शर्टाचं मागचं टोक कात्रीने कापायचं, त्यावर नाव आणि तारीख लिहायची आणि भिंतीवर लावायचं. पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगराळ भागात ही पद्धत सगळ्याच केबिनींत होती, पण या मंडळाने तिला कलम सहा असा क्रमांक दिला होता. क्लेअरच्या एकावन्न मोसमांत त्याचा एकही तुकडा त्या भिंतीवर नव्हता. तो हे कुणाला सांगत नसे. भिंतीकडे पाठ करून मात्र कधी बसत नसे.

कलम चार त्याहून साधं होतं: ज्याची शिकार, त्यानेच वर आणायची. केबिन डोंगराच्या माथ्यावर होती, हरणं खाली ओढ्याकाठी. मधला चढ तीनशे नव्वद फूट. डॉक्टरने क्लेअरला चालायची परवानगी दिली होती, बंदुकीचीही दिली होती, फक्त ओढायची दिली नव्हती. त्यामुळे गेला अख्खा मोसम त्याने केबिनमध्ये आंबवलेल्या कोबीचं पातेलं ढवळत काढला होता.

"यंदा हरणं वर आणायला गाडी आली नाही, तर तू परत कोबीवर," त्याची बायको व्हर्ना म्हणाली होती. "आणि तुझा तो कोबी कुणालाच आवडलेला नाही. मला गॅलेनने सांगितलंय."

गॅलेन हा व्हर्नाचा धाकटा भाऊ आणि मंडळाचा सदस्य. सभेत क्लेअरचा ठराव मांडला तो त्यानेच. त्याच्या शेजारच्या यिअरिकबाईंकडे नवऱ्याच्या मागे एक लाल एटीव्ही उभी होती. चार जाड टायर, मोटारसायकलसारखं हँडल, मागे लोखंडी कॅरियर. बारा वर्षं जुनी. किंमत सव्वीसशे डॉलर.

"दुसऱ्या झटक्याला चालू होते," गॅलेन म्हणाला. "आमच्या दाजींना तर पाचव्या झटक्याला जाग येते."

अध्यक्ष ड्वाइट केपहार्ट. राज्याच्या रस्तेखात्यात चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. त्याने चष्मा काढला.

"गाडी चांगली असेल. मी नाही म्हणत नाही. पण एकच गाडी समोर असेल तर तिला निवड म्हणता येईल का? निवड म्हटलं की निदान तीन दरपत्रकं हवीत."

"अरे ड्वाइट, हरीण आणायचंय. पूल नाही बांधायचा."

"पूलसुद्धा मी तीन दरपत्रकांशिवाय बांधला नाही."

ते खरं होतं. त्याने एकही पूल बांधला नव्हता. पण तीन दरपत्रकं मागवण्यात हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. 'हरीण-वहन उपसमिती' नेमण्याचा ठराव झाला. कॉफी थंड होत होती. क्लेअरने हात वर केला.

मार्चमध्ये उपसमितीने 'परवडणारं' या शब्दाची व्याख्या केली: चार हजार डॉलरांच्या आत. सव्वीसशे डॉलर त्या आत बसत असले तरी इतके आत बसतात की संशय यावा, असं मत इतिवृत्तात नोंदवलं गेलं. मग एक तक्ता आला. त्यात एकेचाळीस रकाने होते: जमिनीपासूनची उंची, चढावरची पकड, गाडीचा आवाज, त्या आवाजाचा हरणांच्या मनावर होणारा परिणाम. शेवटचा रकाना भरणं कुणालाच जमलं नाही, म्हणून निर्णय दोन महिने लांबला. तेवढ्यात यिअरिकबाईंनी लाल गाडी ओढ्यापलीकडच्या केबिनवाल्यांना विकून टाकली.

"त्यांनी किती दरपत्रकं मागवली?" ड्वाइटने विचारलं.

"एकही नाही," गॅलेन म्हणाला. "त्यांनी चावी मागितली."

मेअखेर मंडळाने नवी कोरी गाडी घेतली, तीन हजार नऊशे नव्वद डॉलरांची. रंग हिरवट. तिच्या मागच्या कॅरियरवर एक पिवळं लेबल होतं: कमाल भार १७५ पौंड. क्लेअर वाकून ते दोनदा वाचून आला. आयुष्यभर तो दगडाच्या खाणीवर वजनकाट्याच्या खोलीत बसला होता. ट्रक आला की काटा बघायच्या आधी तो आकडा सांगायचा आणि सहसा बरोबर सांगायचा. त्या डोंगरावरचा नर, पोट साफ केल्यावर, एकशे चाळीसच्या आतबाहेर भरतो. पस्तीस पौंड शिल्लक. त्या रात्री तो बऱ्याच दिवसांनी शांत झोपला.

जूनमध्ये प्रश्न निघाला की हरीण कॅरियरवर चढवणार कोण? वाकणाऱ्या कंबरा तीनच. त्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चौथा कुणी आहे का, हेही पाहिलं. तेव्हा हरीण उचलायची हाताने फिरवायची छोटी यारी घ्यायचं ठरलं. वजन अठ्ठावन्न पौंड. ती कॅरियरवरच बसवावी लागे. कंबरांचा विचार करता त्यात हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. क्लेअरने हात वर केला.

यारीचे पैसे 'देखभाल' या खात्यातून गेले, त्यामुळे गाडी परवडणारीच राहिली.

जुलैमध्ये कुणीतरी विचारलं, खाली टायर फुटला तर? जादा टायर, एकतीस पौंड. टायर आला तर तो बदलायची हत्यारं हवीत. हत्यारांची पेटी, सत्तावीस. ऑगस्टमध्ये पेट्रोल संपण्याची शक्यता चर्चेला आली. भरलेला डबा, अठरा. वाटेत झाड पडलं असलं तर करवतयंत्र, खोक्यासकट एकोणीस. पेट्रोल आणि करवतयंत्र शेजारी शेजारी ठेवायचं म्हटल्यावर आग विझवायचं नळकांडं आणि प्रथमोपचाराची पेटी ओघानेच आली. दोन्ही मिळून दहा. प्रत्येक वस्तूला सूचक होता, अनुमोदक होता आणि कारण होतं. ड्वाइटने सगळं कॅरियरला नटबोल्टने जखडून टाकलं, 'कारण सुटी वस्तू म्हणजे हरवलेली वस्तू.' क्लेअरने दर वेळी हात वर केला आणि हात खाली येईपर्यंत मनातल्या मनात बेरीज केली.

ऑक्टोबरच्या सभेला बेरीज एकशे त्रेसष्ट झाली. शिल्लक बारा पौंड.

हे बोलायला हवं होतं. पण विषयपत्रिकेवर ते नव्हतं, म्हणजे 'आयत्या वेळचे विषय' यात मांडावं लागणार होतं. तो विषय नववा होता. आठवा विषय होता काकवीचा 'पाय' हा भाजलेला गोड पदार्थ, गॅलेनच्या बायकोने पाठवलेला. आठवा विषय संपला तेव्हा गणपूर्ती राहिली नव्हती. सात सदस्य ताटली घेऊन ओसरीवर गेले होते.

"अध्यक्ष, वजनाबद्दल एक बोलायचं होतं," क्लेअर म्हणाला.

"व्हर्नाने सांगितलंय मला," ड्वाइट तोंड पुसत म्हणाला. "फार खाऊ नकोस."

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी मोसम उघडला. मोसम सोमवारी उघडायचा ते दिवस कसे चांगले होते, यावर पहाटे केबिनमध्ये नेहमीची शोकसभा झाली आणि उजाडायच्या आत क्लेअर नारिंगी जाकीट घालून सावकाश खाली उतरला. आठ चाळीसला त्याने आठ टोकांच्या शिंगांचा नर एका गोळीत पाडला. एकाच. अंतर एकशे दहा यार्ड. त्याने पोट साफ केलं, परवान्याची चिठ्ठी कानाला बांधली, चार पावलं मागे सरून काट्यासमोर बसल्यासारखं पाहिलं. एकशे अडतीस. मग त्याने हातातल्या बिनतारी यंत्रावर बातमी दिली. वर झालेला आरडाओरडा यंत्राशिवायही खाली ऐकू आला.

साडेनवाला गाडी आली. चालवत ड्वाइट, कारण सुरक्षा-प्रशिक्षणाचा दाखला त्याच्या एकट्याकडे होता. मागून गॅलेन आणि तिघेजण चालत आले. वाटेत त्यांनी गाडीला दोनदा गाठून मागे टाकलं होतं.

गॅलेनने हरणाच्या शिंगांवरून हात फिरवला. "दाजी! एक नंबर. सगळा कोबी माफ."

ड्वाइटने यारीची साखळी सोडली आणि लेबल वाचायला चष्मा लावला. मग त्याने खिशातून यादी काढली. पेन्सिल यादीवरून खाली गेली, परत वर गेली, परत खाली आली.

"बारा पौंड," क्लेअर म्हणाला.

"काय बारा?"

"शिल्लक. बारा पौंड ठेवता येतील."

"तुला माहीत होतं?"

"नवव्या विषयात सांगणार होतो."

ड्वाइटने यादीची घडी घालून ती खिशात ठेवली.

"मग टायर काढा ना," गॅलेन म्हणाला. "टायर काढा, ती पेटी काढा, तो डबा काढा. दहा मिनिटांचं काम."

"ठरावाने बसवलेली वस्तू ठरावानेच निघेल. आणि गणपूर्तीला सहा लागतात. इथे आपण सहा आहोत," ड्वाइटने मोजलं, तेव्हा क्षणभर सगळ्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "पण सात दिवसांची पूर्वसूचना लागते."

"माझ्याकडे नातवाची प्लास्टिकची घसरगाडी आहे," गॅलेन म्हणाला. "गाडीला दोरीने बांधू, मागे ओढत नेऊ. हरीण घसरत येईल, भार नाही न काही नाही."

"ओढलेला भार हा रकाना तक्त्यात आहे. सदतिसावा. आपण तो 'लागू नाही' असा भरलाय."

एवढ्यात ओढ्याच्या पलीकडच्या काठाने लाल गाडी आली. कॅरियरवर एक हरीण आडवं टाकलेलं, काथ्याच्या दोरीने बांधलेलं. चालवणाऱ्या म्हाताऱ्याने वेग कमी केला.

"मंडळी, अडलंय काय? हे वर टाकून येतो आणि तुमचं नेतो. अकरा मिनिटं लागतात."

क्लेअरने ड्वाइटकडे पाहिलं. ड्वाइट हिरवट गाडीसमोर उभा राहिला, घरात पाहुणे आल्यावर न आवरलेल्या खोलीच्या दारात उभं राहावं तसा.

"आमच्याकडे स्वतःचं वाहन आहे," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने त्या वाहनाकडे पाहिलं, टोपीला हात लावला आणि पलीकडच्या चढाला लागला. दुसऱ्या वळणावर तो दिसेनासा झाला.

मग चौघांनी नेहमीसारखी शिंगांना दोरी बांधली. क्लेअरने दोरीला हात घातला तेव्हा गॅलेनने तो धरून बाजूला केला. "दाजी, सोडा. ताईला मी काय तोंड दाखवू?" पुढे गाडी, वाट मोकळी आहे याची खात्री करत. मागे हरीण. त्यामागे क्लेअर, बंदूक आणि रिकामे हात. निम्म्या चढावर ओल्या पानांवरून गाडी घसरायला लागली, तेव्हा दोरी ओढणाऱ्यांपैकी दोघे गाडी ढकलायला गेले आणि हरीण जागेवर थांबलं. केबिनपर्यंत पोचायला दोन तास पन्नास मिनिटं लागली. दोन मोसमांपूर्वी क्लेअरने असंच एक हरीण एकट्याने बावन्न मिनिटांत आणलं होतं.

जानेवारीच्या सभेत उपसमितीचा अहवाल वाचला गेला. बाहेर बर्फ पडत होतं. अकराही हजर होते.

अहवालानुसार वाहन सर्व एकेचाळीस निकषांवर समाधानकारक ठरलं होतं. त्याने मोसमभर एकही अपघात न करता, टायर न फोडता, आग न लावता काम केलं होतं. आगीच्या नळकांड्याची त्यात मोलाची साथ होती. उणीव एकच आढळली. हरीण वाहनाच्या क्षमतेहून एकशे सव्वीस पौंडांनी जास्त भरलं.

"म्हणजे चूक हरणाची?" गॅलेनने विचारलं.

"हरीण सदस्य नाही," ड्वाइट म्हणाला. "त्याच्यावर कारवाई करता येत नाही. निवड ज्याने केली, त्याची जबाबदारी. आम्ही वाहनाची निवड केली, ती अहवालात आहे. हरणाची निवड क्लेअरने केली."

तिथून पुढे सगळं तर्काने जात होतं. कलम चारप्रमाणे शिकार ज्याची त्याने आणायला हवी. क्लेअरने ती आणली नव्हती, वाहनानेही आणली नव्हती. मंडळाच्या दृष्टीने जे आणलं गेलं नाही ते मिळालेलं नाही. गोळी झाडली आणि मिळालं नाही, तर त्याला कलम सहामध्ये एकच शब्द आहे. त्यामुळे ठराव दोन भागांत मांडला गेला: एक, गेल्या मोसमातला क्लेअर ब्रेस्लरचा नेम हुकला असं नोंदवावं, दोन, यापुढे वाहन वापरणाऱ्या सदस्याने बारा पौंडांहून जड हरणावर गोळी झाडू नये.

"बारा पौंडांचं हरीण?" गॅलेन म्हणाला. "ते तर अजून आईच्या मागे असतं. तेही मोसमात नाही, जूनमध्ये."

"तक्रार असेल तर नवव्या विषयात," ड्वाइट म्हणाला.

"विरोध कुणाचा?" मग त्याने विचारलं.

कुठल्याही सभेत कधी बसलेल्या माणसाला ती शांतता माहीत असते. कुणी छताकडे बघतं, कुणी घड्याळाकडे. कुणी शेजारी काही बोलतोय का, ते बघतं. क्लेअरने यादी परत एकदा मनात चाळली. यारी योग्य होती. टायर योग्य होता. पेटी, डबा, करवत, नळकांडं, एकेकटं धरलं तर सगळं योग्य होतं आणि प्रत्येकावर त्याचा हात होता. स्टोव्हवर कॉफी होती, ती थंड होत चालली होती. गॅलेनने दाजींकडे पाहिलं, मग स्वतःच्या कपाकडे पाहिलं आणि हात वर केला.

बाजूने अकरा. विरुद्ध शून्य.

क्लेअर उठला आणि टेबलाकडे पाठ करून उभा राहिला. शर्ट नवा होता, व्हर्नाने नाताळात दिलेला, लाल-काळ्या चौकड्यांचा. ड्वाइटने कात्री चालवली, नाव आणि तारीख लिहिली आणि तुकडा अंदाजे दहा इंच असावा, असं इतिवृत्तासाठी सांगितलं. क्लेअरने तो हातात घेतला, टेबलाच्या कडेवर सरळ केला आणि आकडे दुरुस्त केले.

लांबी नऊ इंच, रुंदी साडेसहा. वजन पाव औंस.