घंटेचं वजन अकरा किलो

मला मुलांना शिकवायला आवडतं आणि मुलांना मी आवडतो. निदान तास संपेपर्यंत कुणी पळून जात नाही! कॉलेजात संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालो, लोणंदला घर बांधलं, तरी गप्प बसवेना. म्हणून शिकवणीला येणाऱ्या आठवीतल्या उत्कर्षाला मी छातीठोकपणे सांगितलं, "तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर आपलाच. तू साताऱ्याला जाणार म्हणजे जाणार!"

तिचे वडील नानासो मेंढपाळ. प्रयोग ठरला : मेंढरू काट्यावर न चढवता त्याचं वजन सांगायचं. पोरीने घरच्या आणि पाव्हण्यांच्या कळपांतून वजन, वय, उंची, छातीचा घेर, शिंगं, रंग, गळ्यात घंटा आहे की नाही, सगळं टिपून आणलं.

"आता यातलं कामाचं काय ते निवडायचं ना, सर?"

"आपण कशाला? संगणक निवडेल!"

मी आज्ञा लिहून दिली. एकेक घटक आत घ्यायचा, अंदाज सुधारला तर ठेवायचा, नाहीतर बाहेर. लग्नाच्या पंगतीतून बिनओळखीच्या पाहुण्याला उठवतात तसं! कळ दाबली आणि चहा प्यायला गेलो. आधुनिक विज्ञान म्हणतात ते हेच.

परत येतो तो वय बाहेर, उंची बाहेर, घेरसुद्धा बाहेर! निम्मी मेंढरं लोकर कातरण्याआधी मोजली होती आणि निम्मी नंतर, त्यामुळे घेराचा ताळमेळच नव्हता. पण असले किरकोळ प्रश्न मी कशाला विचारतोय? पंगतीत एकटी घंटा उरली होती. गळ्यात घंटा असेल तर वजन अकरा किलो जास्त!

"पण सर, घंटा आमी..."

"बाळ, संगणक बोलत असताना मधे बोलू नये." मी अत्यंत संयमाने तिला गप्प केलं.

प्रदर्शनाच्या दिवशी नानासोने डझनभर मेंढरं शाळेच्या पटांगणात आणली आणि तो पाणी प्यायला गेला. तेवढ्यात सुमंत हेडसर माझ्यापाशी आले.

"घंटेने अकरा किलो वाढतात म्हणे? मग ती एकाच मेंढ्याच्या गळ्यात का? परीक्षकांसमोर शाळा हलकी दिसायला नको!"

एरवी फळा रंगवायला हेडसरांना मुहूर्त सापडत नाही. घंटा मात्र अर्ध्या तासात बाजारातून आल्या आणि सगळ्यांच्या गळ्यात पडल्या. मी अडवलं का? छे, मी गाठी मारायला मदत केली.

परीक्षक माया मॅडमनी एका कोकराकडे बोट दाखवलं. उत्कर्षाने संगणकाच्या पडद्यावर पाहिलं. "बावन्न किलो."

काटा म्हणाला, चौदा.

"आणि ही म्हातारी मेंढी?"

"बावन्न."

"तो मेंढा?"

"बावन्न..."

"सगळ्यांचं बावन्नच?"

"आमच्या शाळेत समता आहे, मॅडम," हेडसर म्हणाले.

इतक्यात नानासो धावत आला. "आवं हेडसर, ह्ये काय केलंसा! मेंढरं घंटंच्या मागनं चालत्यात. डझनभर नवरदेव झाल्यावर वरात जायाची कुनीकडं?"

वरात सगळीकडे गेली! एक मेंढी ज्वालामुखीच्या प्रतिकृतीत शिरली. दोघींनी सेंद्रिय शेतीचा प्रकल्प मुळासकट खाल्ला. मोठा मेंढा मंचावर चढून पाहुण्यांचा हार चघळू लागला. मी वृद्धापकाळाची पर्वा न करता दोन कोकरं पकडली.

"काय चुकलं गं?" माया मॅडमनी विचारलं.

उत्कर्षाचे डोळे भरले होते. पण ती बोलली, "घंटेनं वजन वाढत नाही, मॅडम. जे मेंढरू थोराड, त्याच्याच गळ्यात आमी घंटा बांधतो. संगणकाला ते कुठं ठाऊक? त्याला दोन्ही संगट दिसलं, त्यानं घंटाच धरली. काय निवडलं ते माणसानं तपासायला पायजे होतं."

मॅडम हसल्या. "साताऱ्याला येऊन हेच सांग. पहिला नंबर तुझा. फक्त मेंढरं आणू नकोस!"

टाळ्या झाल्या. मी पुढे सरसावलो. नमस्कार करायला हात मोकळे नव्हते, दोन्ही काखेत एकेक कोकरू होतं.

"आणि हे आजोबा कोण?" मॅडमनी विचारलं.

मी घसा साफ केला. उत्कर्षाने माझ्याकडे फार मायेने पाहिलं.

"ते व्हय? ते मेंढरं आवरायला आलेत."

आणि तेवढ्यात एक निसटलं.