टीव्हीनं पुसलेलं शटल

बू वार्तिनींच्या, म्हणजे वार्तिनीबाईंच्या, कॉफीच्या टपरीत त्या रविवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. टीव्हीवर बॅडमिंटनची फायनल होती, पण बूंना फायनलशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा तेगुह जकार्तात पहिल्यांदाच रेषेवरचा पंच म्हणून बसला होता, आणि पोराचा चेहरा टीव्हीवर एकदा डोळे भरून बघायचा, एवढीच त्यांची इच्छा.

तेगुहची खुर्ची दिसली. पण खेळानं वेग घेतला की चित्राचे चौकोनी तुकडे पडायचे आणि तेगुहच्या तोंडाच्या जागी चार फरशा यायच्या.

"हा माझा मुलगा आहे की न्हाणीघर?" बू कडाडल्या. "बाग्यो, ऊठ! टीव्ही दुरुस्त करतोस ना तू?"

बाग्यो तेंपेची, म्हणजे सोयाबीनची, तळलेली वडी तोंडात कोंबत उठला. "दुरुस्त काय करायचंय, बू? चित्र दाबून दाबून पाठवतात, त्याचे हे तुकडे. मेनूत ते साफ करायची सोय असते."

सोय सापडली. कमी, मध्यम, जास्त. बाग्योनं सरळ 'जास्त'वर बोट ठेवलं.

चित्र लोण्यासारखं मऊ झालं. लांबून का होईना, तेगुहला नाक आलं, डोळे आले. बूंनी रुमालाच्या टोकानं डोळे पुसले.

"बाग्यो," निवृत्त ड्रिल मास्तर रुस्दी म्हणाले, "शटल कुठंय?"

सगळे पुढं सरकले. दोन धडधाकट माणसं रिकाम्या हवेत रॅकेट फिरवत होती.

"बारीक, पांढरं, पळणारं," बाग्यो डोकं खाजवत म्हणाला. "टीव्हीला कचरा वाटला असणार. पुसून टाकलं."

"कचरा? अरे गाढवा, फायनल चाललीय! कमी कर ते!"

तोवर बूंनी रिमोट किटलीमागं ठेवला होता. "ज्याला शटल बघायचंय त्यानं पलीकडच्या टपरीत जावं. फक्त तिथली कॉफी प्यावी लागेल."

कोणीही उठलं नाही.

मग रुस्दींनीच वाट काढली. तेगुहनं उजवा हात खाली दाखवला की आत, दोन्ही हात पसरले की बाहेर. दहा मिनिटांत अख्खी टपरी खेळाडूंना विसरून त्याच्याकडेच बघायला लागली.

"बाहेर! बघा, कसे हात पसरतो! वाघ आहे वाघ!"

बूंनी न मागता केळ्याची भजी वाढली. त्यांचं ऊर भरून आलं होतं.

तिसरा गेम. वीस-एकोणीस, आपला खेळाडू पुढं. त्यानं रॅकेट हाणली, पलीकडचा आडवा पडला. शटल आत की बाहेर? आणि कॅमेरा थेट तेगुहवर गेला! अख्ख्या पडद्यावर एकटा तेगुह, चित्रात एक फरशी नाही. बू उठून उभ्या राहिल्या.

तेगुहनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"अगं बाई! रडतोय का तो?"

"नाही हो, बू," रुस्दी पडेल आवाजात म्हणाले. "पंचाला दिसलं नाही की डोळ्यांवर हात ठेवायचे. नियमच आहे तसा."

"म्हणजे शटल त्यालाही दिसलं नाही?" बाग्योनं विचारलं.

कॅमेरा सरकला. बूंनी किटलीमागचा रिमोट काढून बाग्योच्या हातात दिला.

"घ्या, बघा तुमचं शटल," त्या म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या ठिकाणी गेला, नखं तरी कापायची होती मेल्यानं."