निळ्या पट्टीची चौकशी

ज्ञान अखंड असते. मात्र ते वाटून दिल्याशिवाय त्याला टेबल-खुर्ची मिळत नाही. म्हणूनच सगळ्या प्रगत संस्थांनी ज्ञानाचे विभाग पाडले, विभागांना मजले दिले, मजल्यांना कुलपे लावली आणि कुलपांच्या किल्ल्या शिपायांच्या कमरेला अडकवल्या. बऱ्याच वर्षांनी कोणाच्या तरी लक्षात आले, की या विभागांनी आता एकमेकांशी बोलायला हवे. या साक्षात्काराला आंतरशाखीय संशोधन म्हणतात.

ज्या संस्थेची ही हकिकत आहे तिथल्या संचालकांना हा साक्षात्कार एका परिषदेहून परतताना झाला. त्यांनी ते वर्ष 'आंतरशाखीय वर्ष' म्हणून जाहीर केले, दारावर फलक लावला आणि मग असे संशोधन करणारे आपल्याकडे कोणी आहे का, याचा शोध सुरू केला. (फलक आधी आणि शोध नंतर, हाच क्रम शास्त्रीय आहे. उलट केल्यास फलक लागतच नाही.) शोधाअंती एकच व्यक्ती सापडली. तिला संस्थेत पाठीमागे 'त्रिशंकू बाई' म्हणत आणि तोंडावर नुसते 'मॅडम'.

बाई शिक्षणाने सूक्ष्मजीवांच्या, म्हणजे तळमजल्याच्या. पण गेली सहा वर्षे त्यांचे काम चालले होते सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांवर आणि ते कण पडले पदार्थविज्ञानाचे, म्हणजे पहिल्या मजल्याचे. तळमजला म्हणे, त्या वर बसतील. वरचा मजला म्हणे, त्या खालच्या. शेवटी प्रशासनाने दोघांचाही मान राखून त्यांना जिन्याच्या मधल्या वळणावरची खोली दिली. तिथे आधी मोडक्या खुर्च्या ठेवत. खुर्च्यांच्या विल्हेवाटीचा निर्णय व्हायचा असल्याने त्याही तिथेच राहिल्या आणि बाईंना अकरा खुर्च्यांच्या खोलीत उभ्याने काम करावे लागले.

काम होते एका कागदी पट्टीचे. पट्टी बोटाएवढी, रंगाने डाळिंबी. हा रंग सोन्याचा. (सोने इतके बारीक केले की ते पिवळे दिसण्याचे सोडून देते.) ही पट्टी पाण्यात बुडवायची. पाण्यात मैल्यातून येणारे जंतू असले, की सोन्याचे कण त्यांच्याभोवती घोळका करतात आणि वीस मिनिटांत डाळिंबी रंगाचा निळा होतो. नेहमीच्या पद्धतीने हीच तपासणी करायला दोन दिवस लागतात. तेवढ्यात माणसाने ते पाणी पिऊन, आजारी पडून, औषध घेऊन, जरा बरे वाटताच पुन्हा तेच पाणी प्यायला सुरुवात केलेली असते.

मागणीपत्रात 'सोने' हा शब्द वाचून भांडारपाल स्वतः जिना चढून आले होते.

"एका बाटलीत किती सोनं असतं?"

"डोळ्यांना दिसणार नाही इतकं."

"मग तपासणीच्या दिवशी मी बघू काय?" भांडारपाल म्हणाले. या प्रश्नाला विज्ञानाकडे आजही उत्तर नाही.

तर वर्षाच्या उद्घाटनाला बाईंनी पाहुण्यांसमोर पट्टीचे प्रात्यक्षिक करावे, असे ठरले. संचालकांनी सुचवले, की संस्थेचेच पाणी घ्यावे. पट्टी डाळिंबीच राहील आणि छायाचित्रात रंग खुलेल. बाई कामाला लागल्या. संस्थेचे नळ कुठे कुठे आहेत, हे नकाशात नव्हते. ते फक्त नळवाल्या काकांना माहीत होते. काकांची तीस वर्षांच्या वर नोकरी झालेली, कमरेला पाना, बोलणे कमी. त्यांनी बाईंना अकरा नळांवर फिरवले. दहा पट्ट्या डाळिंबी राहिल्या. अकरावी निळीशार झाली. हा अकरावा नळ म्हणजे संचालकांच्या दालनाबाहेरचे चकचकीत शीतयंत्र. त्यावर 'शुद्ध' अशी चिठ्ठी डकवलेली होती.

काकांनी पट्टीकडे पाहिले आणि त्यांना काडीचेही नवल वाटले नाही.

"ही लाइन आणि मैल्याची लाइन उपाहारगृहाच्या मागे गळ्यात गळा घालून जातात, मॅडम. चार अर्ज दिलेत मी."

"उत्तर काय आलं?"

"तिसऱ्याला आलं. पहिल्या अर्जाचा क्रमांक नमूद करा म्हणून."

"आणि ही लाइन पुढे कुठे जाते?"

"बैठकीच्या हॉलला. आणि पाळणाघराला. तिथले नळ आपण पाहिलेच नाहीत."

पाळणाघरात संस्थेतल्या लोकांची तेवीस मुले असत आणि त्यांतली एक चार वर्षांची, बाईंची धाकटी.

शास्त्रज्ञ मंडळींची एक खोड असते: दुसऱ्याचे चुकले असे म्हणण्याआधी ती स्वतःचे तपासतात. (या खोडीमुळे त्यांना बढती उशिरा मिळते.) बाईंनी पट्टी सात वेळा लावली, सात वेळा निळी. जुन्या पद्धतीनेही पाणी तपासायला ठेवले. पण दोन दिवस थांबायला मन घेईना, म्हणून पाळणाघरातल्या ताईंना जाऊन सांगितले, की पाणी उकळून द्या.

"वरून लेखी येऊ दे ना मॅडम," ताई म्हणाल्या. "गॅस मोजून मिळतो आम्हाला. उद्या मला विचारलं, कोणाला विचारून उकळलं, तर?"

बाईंनी त्याच दुपारी संचालकांना लेखी कळवले आणि धाकटीच्या दप्तरात घरच्या पाण्याची बाटली दिली. धाकटीने ती कुंडीत ओतली आणि सगळ्यांबरोबर स्टीलच्या पेल्यातून पाणी प्यायली. चार वर्षांच्या माणसाला एकट्यानेच शुद्ध राहण्यात रस नसतो.

तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या काचेच्या बशीत जंतूंच्या वसाहती टिपकागदावर शाई फुटावी तशा उमटल्या होत्या आणि घरी धाकटी अंथरुणाला खिळली होती. उलट्या थांबेनात, डोळे खोल गेलेले. तिच्याबरोबर आणखी सहा मुले. पाळणाघराच्या वहीत सातही जणांपुढे कारण लिहिले होते: ऋतुबदल. (ऋतू बदलायला अजून दोन महिने होते.) सासूबाई नातीला चमच्याचमच्याने साखर-मिठाचे पाणी पाजत होत्या.

"दुधाचा रंग फिरला की मला अडाणीला कळतं, नासलंय म्हणून," त्या म्हणाल्या. "मग तुझ्या एवढ्या शिकलेल्या लोकांना काय धाड भरलीय?"

याचे उत्तर शोधण्यासाठी त्याच सकाळी समिती बसली. विषय होता: पट्टी निळी झाल्याबाबत. पाण्याचा विषय पत्रिकेत नव्हता, कारण पाण्याने कोणाचीही तक्रार केलेली नव्हती.

नऊ सदस्य होते. सूक्ष्मजीवांचे प्रमुख म्हणाले, जंतू आमचे हे मान्य, पण ते कागदावर कसे गेले? पदार्थविज्ञानाचे प्रमुख म्हणाले, कण आमचे, पण रंग ही रसायनशास्त्राची बाब. रसायनशास्त्र म्हणाले, रंग आमचा, पण तो पाण्यात बदलला आणि पाणी इमारत विभागाचे. इमारत विभाग म्हणाला, नळ आमचा. नळातून काय येते तो जीवशास्त्राचा प्रश्न. अशा रीतीने विषय जिथून निघाला तिथेच सुखरूप पोचला आणि आपल्या संस्थेत खऱ्या अर्थाने आंतरशाखीय चर्चा झाल्याबद्दल संचालकांनी समाधान व्यक्त केले.

"पण मॅडम," ते पुढे म्हणाले, "तुमची पट्टी जरा जास्तच हळवी आहे. थोडी समजूतदार करता येईल का?"

"म्हणजे?"

"म्हणजे लगेच निळी न होणारी. थोडं सोसणारी. आपण नाही का सोसत?"

बाईंनी सगळ्यांच्या पुढ्यातल्या पेल्यांकडे पाहिले. पाणी त्याच शीतयंत्रातले होते.

"ते पाणी पिऊ नका," त्या म्हणाल्या. "हात जोडते. माझी मुलगी घरी पडून आहे."

अशा प्रसंगी नेतृत्वाची कसोटी लागते. संचालकांनी संस्थेवरचा विश्वास व्यक्त करण्यासाठी पेला उचलला आणि तळाशी थेंबही न ठेवता रिकामा केला. पाठोपाठ इतरांनीही आपापले पेले ज्येष्ठतेनुसार रिकामे केले. फक्त दोघे राहिले: इतिवृत्त लिहिणारे सचिव, कारण त्यांचा हात मोकळा नव्हता, आणि रसायनशास्त्राचे प्रमुख, जे संस्थेतले काहीही न खाता-पिता घरून थर्मास आणत. (त्यांना यामागचे कारण कधी कोणी विचारले नव्हते.)

बाई उठल्या. इतिवृत्तात याची नोंद 'सदस्येतर व्यक्तीने सभात्याग केला' अशी आहे. जिन्याच्या वळणावर आपल्या खोलीपाशी त्या थांबल्या नाहीत. सरळ उपाहारगृहाच्या मागे गेल्या. नळवाले काका तिथे डबा खात बसले होते.

"काका, ही लाइन बंद कुठून होते?"

काकांनी बोटाने एक गंजलेली लोखंडी झाकणी दाखवली. मग त्यांच्या लक्षात आले. "नोकरी जाईल माझी, मॅडम. दोन वर्षं राहिलीत."

"तुम्ही हात लावू नका. पाना तेवढा द्या."

"पाना कोणी दिला विचारलं तर?"

"सापडला म्हणेन."

काकांनी पाठ फिरवली आणि त्यांच्या कमरेचा पाना चुकून खाली पडला. बाईंनी झाकणी उघडली, गुडघे टेकले आणि व्हॉल्व्हला पाना लावला. व्हॉल्व्ह हलेना. त्यांनी अंगातले सगळे बळ लावले, तळहात सोलून निघाला, पाना दोनदा सटकला. काकांना पाठमोरे राहूनही ते आवाज ऐकवेनात. शेवटी ते वळले.

"असा धरतात होय पाना!" ते ओरडले, बाईंना बाजूला सारून स्वतः खाली बसले आणि तीन हिसक्यांत लाइन बंद केली. मग दोघेही तिथेच मातीत बसून राहिले. बाईंना रडू आले. काकांनी डबा पुढे केला.

यानंतरचा घटनाक्रम कागदोपत्री उपलब्ध आहे. चौकशी समितीच्या पुढच्या बैठकीला नऊपैकी सात सदस्य अपरिहार्य कारणास्तव गैरहजर राहिले. उपस्थितांत सचिव आणि थर्मास होते. संचालक चार दिवस रुग्णालयात सलाइनवर असून त्यांनाही ऋतुबदल झाला होता. धाकटी सहाव्या दिवशी उठून बसली आणि तिने भात मागितला, तेव्हा सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. आठवड्याभरात पाळणाघर पुन्हा भरले.

समितीचा अंतिम अहवाल एकशे चार पानांचा आहे. त्यातला निष्कर्ष असा: 'पाणी बंद केल्यापासून पाण्यामुळे कोणीही आजारी पडल्याची नोंद नाही. यावरून पाणी निर्दोष असल्याचे सिद्ध होते.' गळकी लाइन उपटून नवी टाकण्यात आली. हे काम 'परिसर सुशोभीकरण' या सदराखाली झाले, कारण दुरुस्ती म्हटले की आधी बिघाड मान्य करावा लागतो. नळवाल्या काकांची बदली बागेत झाली. तिथे त्यांना नळाला हात लावायची मनाई आहे. झाडांना पाणी ते बादलीने घालतात. बाईंना विनापरवाना पाणी बंद केल्याबद्दल ताकीद मिळाली आणि आंतरशाखीय वर्षाचा पुरस्कारही. दोन्ही पत्रांवर तारीख एकच होती. लिफाफाही.

बाईंनी ताकीद फाइलला लावली, पुरस्कार एका मोडक्या खुर्चीवर ठेवला आणि एक खोका घेऊन संस्थेच्या फाटकाशी जाऊन बसल्या. खोक्यात दोनशे पट्ट्या होत्या. वर लिहिले होते: 'मोफत. घरचे पाणी तपासा. काय झाले ते येऊन सांगा.' त्यांना वाटले होते, अडचण संस्थेची आहे. बाहेर माणसे आहेत, घरात मुले आहेत. माणसे कळताच उठतील.

दोनशे पट्ट्या दोन दिवसांत संपल्या. सांगायला आले एकशे चौसष्ट जण. त्यांतल्या सत्त्याण्णव जणांची पट्टी डाळिंबी राहिली. आपल्याला हे आधीच ठाऊक होते, असे ते सगळे म्हणाले. सदुसष्ट जणांची निळी झाली. पैकी पाच जणांनी नळजोडणी दुरुस्त करून घेतली. बारा जणांनी पाणी उकळायला सुरुवात केली आणि सरासरी चार दिवसांत थांबवली. नऊ जणांनी निळा रंगच बरा दिसतो, असे मत दिले. उरलेले एक्केचाळीस जण पट्टी परत घेऊन आले होते.

"ही बिघडलेली दिसते," ते म्हणत. "चांगली द्या ना एखादी."

बाई वाद न घालता नव्याने करून आणलेली दुसरी पट्टी देत. तीही निळी झाली, की ते तिसरी मागत. एका गृहस्थांनी सहा पट्ट्या नेल्या आणि सातव्यांदा येऊन खालच्या आवाजात विचारले, की निळी न होणारी काही सोय आहे का. ते वेगळे बघायला तयार होते. त्यांच्याबरोबर त्यांची नातही होती, धाकटीच्या वयाची. बाईंनी त्या मुलीकडे पाहिले. मग खोका मिटून गृहस्थांना म्हणाल्या, "चला, तुमचा नळ दाखवा." वाटेत बागेतून त्यांनी काकांनाही बरोबर घेतले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघे असे एकेक घर करतात. संस्थेच्या दृष्टीने ते संशोधन नाही.

राहिले छत्तीस जण, जे पट्टी घेऊन गेले आणि परत आलेच नाहीत. बाईंनी त्यांचाही शोध घेतला. छत्तिसांच्या घरी पट्टी खणात जशीच्या तशी होती. सावकाश बघू, असे त्यांचे म्हणणे पडले. आमचे पाणी चांगलेच आहे, दिसायलाच किती स्वच्छ दिसते, असेही ते म्हणाले. बाईंच्या वहीत या लोकांसाठी वेगळा रकाना आहे आणि त्यात पुष्कळ जागा मोकळी सोडलेली आहे. हे वाचता वाचता ज्यांच्या मनात हेच वाक्य येऊन गेले असेल, त्यांनी आपले नाव कळवण्याची तसदी घेऊ नये. ते लिहून झाले आहे.